युद्धकाळांतील चहा : भाव आणि कस

दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी मीं माझ्या आजीच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या; पण त्यांत स्टालिनग्राड नव्हतें कीं नॉर्मंडी नव्हती. तिचें युद्ध गिरगांवांतील एका चाळीच्या स्वयंपाकघरांत झालें. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, साखर मोजून मिळूं लागली, आणि घरोघर गुळाचा चहा होऊं लागला. गूळ घालून उकळलेल्या चहांत दूध ओतलें कीं तें नासतें. म्हणून चहा शेगडीवरून उतरवावा, अंमळ निवूं द्यावा आणि मग निराळें तापवलेलें दूध हळूहळू सोडावें, ही युक्ति ती चाळीस वर्षांनंतरही मोठ्या अभिमानानें सांगे. पण चहाच्या पत्तीची आठवण निघाली कीं तिचा चेहरा उतरे. "चहा मिळत नव्हता असं नाहीं रे," ती म्हणे, "मिळायचा तो चहा नसायचा."

पुढें इंग्लंडच्या अन्ननियंत्रणाचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां आजीचें हें वाक्य मला वारंवार आठवलें. युद्धकाळांतील महागाईचा इतिहास लिहिणारा भावाचे आंकडे देतो, कारण भावाचा आंकडा सरकारी दप्तरांत सांपडतो. कस मात्र जिभेला कळतो, आणि जिभेचें दप्तर कोणी ठेवीत नाहीं. तथापि गेल्या अडीचशें वर्षांतील मोठ्या लढायांचा चहाशीं आलेला संबंध पाहिला तर असें दिसतें कीं, युद्धानें आपली वसुली चहाच्या भावांतून जितकी केली तितकीच, किंबहुना अधिक, त्याच्या कसांतून केली. आणि कस उतरल्याचा भुर्दंड जो चहा पितो त्याच्यावरच पडून राहिला असेंही नाहीं. तो कोठवर गेला हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

अठराव्या शतकांत इंग्लंडला कायदेशीर रीतीनें येणारा चहा चीनमधून येई. तोही एका कॅंटन बंदरांतून आणि एकट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. एकाच दारानें आंत येणारी आणि राजापासून मोलकरणीपर्यंत सर्वांना हवीशी वाटणारी वस्तु म्हणजे जकात बसविणाऱ्यास पर्वणीच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवितां भागवितां चहावरील जकात किंमतीच्या शेंकडा ११९ पर्यंत जाऊन पोहोंचली. वस्तूवरील कर वस्तूच्या किंमतीहून मोठा झाला म्हणजे जें व्हावयाचें तें झालें. युरोपांतील इतर कंपन्यांनीं आणलेला चहा रात्रींच्या वेळीं इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरूं लागला. आणि ज्यांना समुद्रावर जाण्याचें धाडस नव्हतें त्यांनीं घरींच चहा तयार करण्यास आरंभ केला.

हा घरचा चहा कसा होत असे याचें वर्णन रिचर्ड ट्विनिंग या प्रसिद्ध व्यापाऱ्यानें करून ठेविलें आहे. 'ॲश' नांवाच्या झाडाचीं पानें गोळा करावयाचीं, तीं उन्हांत वाळवून भाजावयाचीं, जमिनीवर पसरून पायांनीं तुडवावयाचीं, चाळावयाचीं आणि मेंढ्यांच्या लेंड्या कालविलेल्या पाण्यांत भिजवून पुन्हा सुकवावयाचीं. या मालाला 'स्माउच' असें नांव होतें. ट्विनिंग हा स्वतः दुकानदार. तेव्हां त्याच्या वर्णनांत प्रतिस्पर्ध्यांविषयींचा राग थोडा मिसळला असेल असें कोणी म्हणेल. पण १७७७ सालीं पार्लमेंटानें या बनावट चहाविरुद्ध खास कायदा केला, हें विसरून चालणार नाहीं. कायदेमंडळ सहसा कल्पित मेंढ्यांसाठीं कायदे करीत नाहीं.

तरुण पंतप्रधान पिट यानें १७८४ सालीं जकात एकदम शेंकडा साडेबारांवर आणली आणि बुडणारें उत्पन्न घरांच्या खिडक्यांवरील कर वाढवून भरून काढलें. चहा मोकळा व्हावा म्हणून उजेडावर कर बसवावयाचा, असा तो सौदा होता! पण तो यशस्वी झाला. कंपनीच्या लिलांवांत विकल्या जाणाऱ्या चहाचें मान थोड्याच काळांत दुपटीहून अधिक झालें आणि चोरट्या व्यापाराचा कणा मोडला. हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १७९३ सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपलें. तें मधला अल्प विराम सोडला तर नेपोलियनचा पाडाव होईपर्यंत बावीस वर्षें चाललें. आणि जकात पायरी-पायरीनें चढत १८०६ सालीं शेंकडा ९६ वर गेली. तिच्यामागून 'स्माउच'चीं भावंडें परत आलीं. १८१८ सालीं लंडनच्या न्यायालयांत वाण्यांवर खटले झाले. काटेरी झुडपांचीं पानें लांकडाच्या रंगानें काळीं करून काळा चहा, आणि तांब्याच्या विषारी गंजानें रंगवून हिरवा चहा, अशी ती कारागिरी होती. फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञानें १८२० सालीं खाद्यपेयांतील भेसळीवर जो ग्रंथ लिहिला त्यांत या प्रकरणांस मानाचें स्थान आहे. सरकारनें युद्धासाठीं पौंडामागें किती घ्यावयाचें तें बिनचूक मोजलें होतें. पेल्यांत काय आहे हें पाहण्याची गरज त्याला भासली नव्हती.

यानंतरच्या शंभर वर्षांत चहाचा भूगोलच पालटला. आसामांत पिकलेल्या चहाचा पहिला लिलांव लंडनमध्यें १८३९ सालीं झाला. आणि शतक संपतांना इंग्लंडच्या पेल्यांतून चिनी चहा जवळजवळ हद्दपार होऊन तेथें आसाम, सुरमा खोरें, द्वार आणि सिलोन यांचा चहा आला. १९१४ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां चहाचें भवितव्य जकातदाराच्या हातीं होतेंच. परंतु आतां तें जहाजाच्याही हातीं गेलें होतें. याची पहिली जाणीव एम्डेन या जर्मन क्रूझरनें करून दिली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत बंगालच्या उपसागरांत तिनें जीं जहाजें बुडविलीं त्यांत डिप्लोमॅट नांवाचें चहानें भरलेलें एक मोठें जहाज होतें. मद्रासवरील तिच्या गोळ्यांची गोष्ट आपल्याकडील प्रत्येकाला ठाऊक आहे. उपसागराच्या तळाशीं गेलेल्या त्या चहाची कोणाला नाहीं.

जकातीनें आपलें जुनें काम सोडलें नव्हतें. पौंडामागें ५ पेन्स होती ती नोव्हेंबर १९१४ मध्यें ८ पेन्स आणि पुढच्या वर्षीं पुरी एक शिलिंग झाली. युद्धापूर्वीं इंग्लंडांत साधारण दीड शिलिंगास पौंडभर चहा मिळे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या शिलिंगाचें वजन कळेल. तरीही पहिलीं दोन-अडीच वर्षें चहा वेळेवर येत होता. १९१७ च्या फेब्रुवारींत जर्मनीनें पाणबुड्यांस कोणतेंही जहाज बुडविण्याची मोकळीक दिली आणि सर्व चित्र बदललें. जहाजांतील जागा आतां गहूं, मांस आणि दारूगोळा यांना हवी होती. चहाला पोषणमूल्य नाहीं, तेव्हां त्याच्यासाठीं जागा कशाला, असा तर्क अधिकाऱ्यांनीं प्रथम केला. तो शास्त्रशुद्ध होता आणि साफ चुकीचा होता. दुकानांपुढें रांगा लागल्या. कारखान्यांतल्या बायका आणि खाणींतले पुरुष चहावांचून कुरकुरूं लागले. आणि सरकारला आपला तर्क गिळावा लागला.

इंग्लंडचा पहिला अन्ननियंत्रक लॉर्ड डेव्हनपोर्ट हा स्वतः किराणा मालाच्या आणि चहाच्या दुकानांची मोठी सांखळी उभारून श्रीमंत झालेला गृहस्थ होता. चोराच्या नव्हे, तरी वाण्याच्या हातींच जामदारखान्याची किल्ली दिली म्हणावयाची. त्याच्या जागीं १९१७ च्या उन्हाळ्यांत लॉर्ड राँडा आला, आणि चहा खऱ्या अर्थानें सरकारच्या ताब्यांत गेला. सरकार चहा घेणार, एकत्र करणार आणि 'नॅशनल कंट्रोल टी' या एकाच नांवानें विकावयास देणार, अशी व्यवस्था झाली. भाव ठरला पौंडास २ शिलिंग ८ पेन्स. जकात आणि जहाजांचें वाढलेलें भाडें लक्षांत घेतां हा भाव अन्यायाचा नव्हता. गरीब आणि श्रीमंत यांना एकाच दरानें एकच चहा, यांत एक प्रकारची समताही होती. पण लोक त्या चहाला कंटाळले. त्याला ना रंग, ना वास, ना ओळख.

तो असा कां झाला हें लंडनमध्यें बसून कळत नाहीं. त्यासाठीं मळ्यांत यावें लागतें. चहाच्या झुडपाच्या कोंवळ्या शेंड्याची एक कळी आणि तिच्याखालचीं दोन पानें खुडावयाचीं, हा उत्तम चहाचा पहिला नियम आहे. सात-आठ दिवसांनीं पुन्हा त्याच झुडपाशीं यावें लागतें, कारण पान राठ होण्याच्या आधीं तें हातीं आलें पाहिजे. तिसरें-चौथें पान आणि देंठ घेतला तर टोपली लवकर भरते, वजन वाढतें. पण त्या पानांत रस कमी आणि चोथा अधिक. शिवाय खुडलेलें पान त्याच दिवशीं पसरून कोमेजवावें लागतें, मग यंत्रावर वळावें लागतें, ओलसर थंड जागीं तें तांबूस होईपर्यंत ठेवावें लागतें, आणि नेमक्या घटकेस भट्टींत घालावें लागतें. कारखान्याच्या आवाक्याबाहेर पान आलें तर या प्रत्येक पायरीवर घाई होते. स्वयंपाकघरांत अचानक वीस पाहुणे आले म्हणजे भाताचें जें होतें तेंच त्या चहाचें होतें.

आतां युद्धकाळांतील मळेवाल्याच्या जागीं आपण स्वतःला ठेवून पाहूं. १९१५ सालीं भाव चढले, कंपन्यांनीं भागीदारांस भरघोस नफा वांटला, आणि अधिक पान खुडण्याचा मोह अनावर झाला. पुढें सरकारी खरेदी आली. ज्या पेटीवर मळ्याचें नांव गिऱ्हाइकाला दिसणार नाहीं आणि जिचा चहा शेंकडों दुसऱ्या मळ्यांच्या चहांत मिसळला जाणार, त्या पेटींत दोनच पानें घालण्याचें प्रयोजन काय? सैन्याच्या छावणींत मोठ्या भांड्यांत उकळून, घट्ट दूध आणि साखर घालून प्यावयाच्या चहाला सुगंधाची गरज नव्हती. रंग उतरला म्हणजे झालें. युद्धापूर्वीं तीस कोटी पौंडांच्या आसपास असलेलें हिंदुस्थानचें वार्षिक पीक युद्ध संपतांना सदतीस कोटींच्या पुढें गेलें. आंकडा पाहून कोणासही भरभराट वाटावी. माझ्या मतें त्या वाढीचा मोठा भाग तिसऱ्या आणि चौथ्या पानाचा होता.

१९१९ सालीं नियंत्रण उठलें, जहाजें मोकळीं झालीं आणि हा सांठलेला चहा लंडनच्या वखारींत येऊन पडला. त्याला पूर्वीं रशिया हें मोठें गिऱ्हाईक होतें. १९१७ च्या क्रांतीनंतर तें दार बंद झालें होतें. इंग्लिश गृहिणीला दोन वर्षांनीं प्रथमच निवड करण्याची मुभा मिळाली, आणि तिनें चांगला चहा तेवढा उचलला. हलक्या चहाचा भाव १९२० सालीं उत्पादनाच्या खर्चाच्याही खालीं गेला. त्यांतच रुपयाचा दर, जो युद्धापूर्वीं १ शिलिंग ४ पेन्स होता, तो दोन शिलिंगांच्याही पलीकडे चढला. लंडनमध्यें मिळालेल्या पौंडांचे इकडे येणारे रुपये कमी झाले, आणि मजुरी तर रुपयांतच द्यावयाची. मळेवाल्यांच्या संघानें मग पीक कमी करण्याचे ठराव केले. पांच वर्षें जें पान खुडा म्हणून सांगितलें, तेंच पान आतां खुडूं नका म्हणून हुकूम सुटला.

येथवरची हकीकत चहाच्या इतिहासाच्या बहुतेक ग्रंथांत मिळते, आणि बहुतेक ग्रंथ येथेंच थांबतात. पण सुरमा खोऱ्यांतील चरगोला आणि लोंगाई येथील मळ्यांत ती थांबली नाहीं. १८६५ च्या कायद्यानें मळ्यांतील पुरुषास महिना ५ रुपये आणि स्त्रीस ४ रुपये ही किमान मजुरी ठरली होती. अर्धशतकानंतरही प्रत्यक्ष मिळकत त्या आंकड्यांच्या फारशी वर सरकली नव्हती. मळ्याकडून स्वस्त तांदूळ मिळे, रहावयास झोंपडी मिळे, हें खरें. परंतु युद्धाच्या वर्षांत कपडा आणि धान्य यांचे भाव कोठल्या कोठें गेले होते, १९१८ च्या तापानें घरें ओस पाडलीं होतीं, आणि भरभराटीच्या काळांत ज्यांची मजुरी वाढली नव्हती त्यांचें वरकड काम मंदींत प्रथम तुटलें. पान कमी खुडावयाचें ठरलें म्हणजे ठरलेल्या कामापलीकडचें काम करून चार पैसे जोडण्याची सोय बुडाली.

१९२१ च्या मे महिन्याच्या आरंभीं चरगोल्यांतील मजूर बायकामुलांसह मळे सोडून निघाले. त्यांतील पुष्कळ जण मूळचे संयुक्त प्रांताच्या बस्ती आणि गोरखपूर या जिल्ह्यांतले. 'मुल्लुक चलो' एवढाच त्यांचा मंत्र होता. ते करीमगंजास आणि तेथून आगगाडीनें व पायीं चांदपूरच्या बंदरावर आले. तेथून पुढें आगबोटीनें जावयाचें. पण भाड्याला पैसे नव्हते आणि सरकार सवलत देईना. स्टेशनाच्या आवारांत हजारों माणसें अडकून पडलीं. २० मेच्या रात्रीं गुरखा शिपायांनीं त्यांना तेथून मारून हांकललें. पाठोपाठ पटकी सुरू झाली. या अत्याचाराच्या निषेधार्थ आसाम-बंगाल रेल्वेच्या नोकरांनीं जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखालीं संप केला, सी. एफ्. अँड्र्यूज तेथें धांवून गेले. असहकाराच्या चळवळीच्या इतिहासांत या प्रसंगाला एखादा परिच्छेद मिळतो, आणि मजुरांच्या डोक्यांत त्या दिवसांत गांधीजींचें नांव घुमत होतें यांत संशय नाहीं. तथापि केवळ चळवळ्यांच्या चिथावणीनें ते उठले, हें मळेवाल्यांचें तेव्हांचें म्हणणें मला पटत नाहीं. चांदपूरच्या फलाटावर जी भूक बसली होती तिची उगवण लंडनच्या वखारींतील न खपलेल्या पेट्यांतही होती.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें पहिल्याच्या चुका टाळल्या असें म्हणावें लागतें. युद्ध सुरू होतांच मिन्सिंग लेनचे लिलांव बंद झाले, आणि बॉम्ब पडण्याची वाट न पाहतां लंडनच्या वखारींतला चहा देशभर विखुरण्यांत आला. अन्नखात्यानें मळ्यांशीं थेट घाऊक करार केले. ९ जुलै १९४० पासून माणशीं आठवड्याला २ औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापानें पांच तोळ्यांहून किंचित् कमी, असा शिधा ठरला. १९४२ सालीं जपाननें जावा घेतल्यावर तिकडचा चहाही तुटला, आणि हिंदुस्थान व सिलोन यांवर सगळा भार आला. नेमक्या त्याच वर्षीं ब्रह्मदेशांतून आलेल्या निर्वासितांसाठीं छावण्या उभारण्यास आणि मणिपुराकडील सैन्याचे रस्ते बांधण्यास आसामच्या मळ्यांतून हजारों मजूर नेण्यांत आले. मागणी अधिक, माणसें कमी, आणि किंमत युद्धापूर्वींच्या सरासरीवरून ठरविलेली. अशा स्थितींत दोन पानें आणि एक कळी यांचा नियम कोण किती पाळणार?

जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ च्या जानेवारींत चहा कसा करावा यावर एक छोटा लेख लिहिला होता. हा लेखक बिहारांत मोतीहारीस जन्मलेला. चहा हिंदी किंवा सिलोनीच हवा, असा त्याचा आग्रह. त्यांतले अकरा नियम लोक आज गंमत म्हणून वाचतात. पण दोन औंसांतून नीट काम केल्यास वीस चांगले कडक पेले निघाले पाहिजेत, हा त्याचा हिशेब गमतीचा नव्हता. युद्ध संपून अर्धें वर्ष झालें होतें आणि शिधा तसाच चालू होता. तो ऑक्टोबर १९५२ मध्यें उठला. लंडनचे लिलांव त्याच्या आदल्या वर्षीं पुन्हा सुरू झाले होते. ते पुढें १९९८ सालीं कायमचे बंद पडले.

इकडे आमच्या गिरगांवांत चहाला मळ्याचें नांव कधींच नव्हतें. उत्तम पान पेट्यांत भरून परदेशीं जावें आणि चाळणीच्या तळाशीं उरलेली बारीक भुकटी, जिला व्यापारांत 'डस्ट' म्हणतात, ती देशांतल्या बाजारांत यावी, ही रीत युद्धाच्या आधींपासूनची. युद्धानें ती अधिकच घट्ट केली. ही भुकटी रंग भराभर सोडते, सुगंध फारसा देत नाहीं, आणि दूध-साखर घालून उकळण्यास सोयीची पडते. आपण चहा उकळतों याबद्दल इंग्रज ग्रंथकार नाक मुरडतात. आपल्या वांट्यास कोणती पत्ती ठेविली होती हें ते सांगत नाहींत.

आजी त्या भुकटींत आल्याचा तुकडा ठेचून घाली, कधीं गवती चहाचें पातें. आलें घातलें कीं कांहीं कळत नाहीं, असें ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तिला स्वतःला मात्र पहिल्या घोटालाच कळत असे.